सिग्नल दुरुस्तीचं पथक सांभाळताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महापालिकेच्या विद्युत विभागात नव्याने रुजू झालेले कनिष्ठ अभियंते, आयटीआय करून आलेली मुलं, कंत्राटदारांचे सुपरवायझर आणि चौकात अडकून वैतागलेले नागरिक यांच्याकडून आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं बहुतेक पुण्याची आहेत. नाशिक, नागपूर, सोलापूर, ठाणे इथे कागदपत्रांची नावं थोडीफार बदलतील. केबलमध्ये पाणी शिरल्यावर होणारे उद्योग मात्र सगळीकडे तेच.

१. सिग्नल नक्की कोणाचा? महापालिकेचा की ट्रॅफिक पोलिसांचा?

खांब, केबल, कंट्रोलर (दिवे बदलणारी चौकातली पेटी), दिवे, बॅटरी आणि वीजबिल महापालिकेचं. कोणत्या बाजूला किती सेकंद हिरवा, रात्री किती वाजता ब्लिंकर (दिव्यांची नुसती उघडझाप), कुठला उजवा वळण बंद, हे वाहतूक शाखा ठरवते. म्हणून ‘सिग्नल बंद आहे’ ही तक्रार आमची आणि ‘सिग्नल फार वेळ लाल राहतो’ ही पोलिसांची. नागरिकाला हा फरक माहीत असण्याचं कारण नाही. त्यामुळे दुसरी तक्रार आली तरी ‘आमचं नाही’ म्हणून फोन ठेवू नका. नोंदवून वाहतूक शाखेकडे पाठवा. शिवाय फार वेळ लाल राहणारा सिग्नल कधी कधी खरंच आमचाच बिघाड निघतो (प्रश्न ११ पाहा).

२. पथकात कोण कोण असतं? शिक्षण काय लागतं?

वर कनिष्ठ अभियंता, त्याच्या हाताखाली फोरमन किंवा मुकादम, मग वायरमन, हेल्पर आणि गाडीचा चालक. अभियंत्याला विद्युत शाखेची पदविका किंवा पदवी. वायरमनला आयटीआयचा तारतंत्री किंवा वीजतंत्री ट्रेड आणि वायरमनचा परवाना. बऱ्याच ठिकाणी आता देखभाल कंत्राटावर असते, म्हणजे प्रत्यक्ष हात लावणारी माणसं कंत्राटदाराची आणि देखरेख महापालिकेची.

कागदावर न दिसणारा माणूस म्हणजे जुना हेल्पर. कोणत्या चौकात केबल रस्ता कुठून ओलांडते, कोणता चेंबर (केबलच्या जोडांचा खड्डा) डांबराखाली गेलाय, हे नकाशात नसतं. त्याच्या डोक्यात असतं. नवीन अभियंत्याने रुजू झाल्यावर पहिलं काम हे करावं : त्याला सोबत घेऊन सगळे चौक पायी फिरावे आणि तो सांगेल ते कागदावर उतरवून घ्यावं. तो निवृत्त झाल्यावर हे सुचून उपयोग नाही.

३. एकाच वेळी चार-पाच तक्रारी आल्या तर आधी कुठे जायचं?

हा खरा प्रश्न. पथकप्रमुखाचं अर्धं काम याच निर्णयात असतं. आमचा क्रम असा :

सगळ्यात आधी ‘खांबाला करंट लागतो’. त्यापुढे काहीही थांबू शकतं. तक्रार करणाऱ्याला फोनवरच सांगायचं, कुणाला हात लावू देऊ नका, जनावरांनाही लांब ठेवा.

त्यानंतर लोंबकळणारी वायर, वाकलेला किंवा पडू पाहणारा खांब.

मग चुकीचं दाखवणारा सिग्नल : दोन बाजूंना एकदम हिरवा, किंवा एखाद्या बाजूचा लाल दिवाच गेलेला.

मग पूर्ण बंद चौक. मग पादचारी दिवा. आणि शेवटी सेकंद दाखवणारा टायमर, ज्याच्या तक्रारी सगळ्यात जास्त येतात.

नवीन माणसाला खटकतं ते तिसऱ्या आणि चौथ्याचं. पूर्ण बंद चौकाआधी एका गेलेल्या लाल दिव्याला का जायचं? कारण पूर्ण अंधारलेला चौक सगळ्यांनाच अंधारलेला दिसतो. गाड्या अडकतात, हॉर्न वाजतात, शिव्या दिल्या जातात, पण प्रत्येक जण दबकत पुढे सरकतो. एकाच बाजूचा लाल गेला असेल तर त्या बाजूच्या चालकाला वाटतं, सिग्नल बंदच आहे, निघू या. आणि समोरून हिरवा मिळालेला माणूस बिनधास्त पन्नासच्या वेगात येतो, कारण त्याच्यापुरता सिग्नल उत्तम चालू आहे. अर्धवट चालणारा चौक बंद चौकापेक्षा धोकादायक, एवढं एक डोक्यात बसलं की या कामातले बाकीचे बरेच निर्णय आपोआप सुटतात.

४. सिग्नल अचानक पिवळा ब्लिंक करायला लागतो. बिघडला का?

बहुतेक वेळा बिघाड ओळखून स्वतःहून सावध झालेला असतो. कंट्रोलरमध्ये एक पहारेकरी सर्किट असतं. परस्परविरोधी बाजूंच्या हिरव्या दिव्यांच्या तारांवर एकाच वेळी व्होल्टेज दिसलं, किंवा एखाद्या बाजूचे लाल दिवे करंटच घेत नाहीत असं लक्षात आलं, की ते नेहमीचं चक्र थांबवून सगळा चौक ब्लिंकरवर टाकतं.

चालकांसाठी अर्थ ठरलेला आहे : ब्लिंक होणारा पिवळा म्हणजे वेग कमी करून जपून पुढे जा, ब्लिंक होणारा लाल म्हणजे आधी पूर्ण थांबा, रस्ता मोकळा आहे बघा, मग निघा. मोटार वाहन (वाहन चालविणे) विनियम, २०१७ मध्ये हे आहे.

५. मग कंट्रोलर बंद करून पुन्हा चालू केला की काम झालं ना?

झालं असं दिसतं. दहा मिनिटांनी किंवा पुढच्या सरीला तो परत ब्लिंकरवर जातो. तेव्हा पथक दुसऱ्या टोकाला असतं.

रीसेटच्या आधी कंट्रोलरची नोंद वाचा. बहुतेक आधुनिक कंट्रोलर कोणत्या गटात कोणता दोष आला ते वेळेसह साठवून ठेवतात. रीसेट केल्यावर काहींमधली नोंद पुसली जाते. मग तपासणी. पावसाळ्यात नव्वद टक्के संशय चेंबरमधल्या जॉइंटवर घ्यावा. ओल धरलेल्या जॉइंटमधून एका हिरव्याच्या कोरमधलं (कोर म्हणजे केबलमधली एकेक तार) व्होल्टेज शेजारच्या कोरमध्ये उतरतं आणि पहारेकरी सर्किट ते बरोबर पकडतं.

केबल मेगर करायची (मेगर या यंत्राने इन्सुलेशन तपासायचं) तर दोन्ही टोकं सोडवल्याशिवाय करू नका. कंट्रोलरच्या बाजूने टर्मिनल काढा, खांबाच्या बाजूने एलईडी मॉड्यूल सोडवा. मेगर पाचशे व्होल्ट टाकतो. कार्ड आणि मॉड्यूल जोडलेले राहिले तर एक दोष शोधताना चार नवीन दोष विकत घ्याल. कोर ते कोर आणि कोर ते अर्थ, दोन्ही मापं घ्या. खराब कोर सापडली आणि केबलमध्ये स्पेअर कोर असेल तर ती वापरा, पण दोन्ही टोकांना फेरूलवर (तारेवरच्या नंबराच्या नळीवर) नवा नंबर लिहा आणि चौकाच्या आकृतीतही बदल करा. हे न केल्यामुळे पुढच्या माणसाची अख्खी दुपार जाते.

आणि एक गोष्ट कुणीही सांगितली तरी करायची नाही : ‘सध्या चालू दिसू दे’ म्हणून पहारेकरी सर्किट बायपास करणं. साहेबांचा दौरा असो, मंत्र्यांचा ताफा असो, वॉर्डातून पंधरा फोन येवोत. दोष सापडेपर्यंत चौक ब्लिंकरवर आणि पोलिसांच्या हवाली. लेखी कळवा, वेळ टाका.

६. हिरवा चालू असताना त्याच डोक्यातला (खांबावरच्या दिव्यांच्या पेटीतला) लाल मंद पेटलेला दिसतो. हे काय?

एलईडी आल्यापासूनची ही तक्रार आहे. जुने बल्ब पेटायला भरपूर करंट मागायचे. एलईडी मॉड्यूल अगदी थोड्या करंटवरही मिणमिणतो. लांब मल्टिकोर केबलमध्ये शेजारच्या जिवंत कोरमुळे बंद कोरमध्ये व्होल्टेज उतरतं आणि तेवढं त्याला पुरतं. मल्टीमीटरला हे व्होल्टेज भरपूर दिसतं, टेस्ट लॅम्प लावला की गायब होतं, त्यावरून ओळखावं.

यावर उपाय म्हणजे टर्मिनलवर योग्य लोड रेझिस्टर, किंवा असं व्होल्टेज गिळणारं मॉड्यूल. पण त्याआधी न्यूट्रल तपासा. एका डोक्याचा सामाईक न्यूट्रल ढिला किंवा तुटलेला असेल तर एका दिव्यातून आलेला करंट दुसऱ्या दिव्यातून परतीची वाट शोधतो आणि दोन्ही अर्धवट पेटतात. ते फक्त दिसायला वाईट नाही, धोकादायक आहे (प्रश्न ३ मधली तिसरी पायरी).

सकाळी किंवा संध्याकाळी ऊन थेट सिग्नलच्या डोक्यावर आलं की सगळेच दिवे पेटल्यासारखे दिसतात, ते वेगळं. ते पूर्व-पश्चिम रस्त्यांवर होतं. काच पुसून टोपी नीट बसवली की बरंच कमी होतं.

७. खांबाला करंट लागतो की नाही हे कसं तपासायचं? टेस्टर पुरतो का?

नाही पुरत. टेस्टर उतरलेल्या व्होल्टेजवरही पेटतो आणि कोरड्या चपलांवर उभ्या माणसाच्या हातात पेटणारही नाही. खांबापासून थोडं लांब ओल्या मातीत सळई ठोकून खांब आणि सळई यांच्यामध्ये मल्टीमीटरने व्होल्टेज मोजा, मग टेस्ट लॅम्प लावून तेच पुन्हा बघा. काही असो वा नसो, आधी पुरवठा तोडा आणि मग शोधाशोध करा.

कारणं नेहमीचीच : खांबाच्या दारात चिरडलेली वायर, कुजलेली अर्थिंगची पट्टी, भंगारवाल्यांनी कापून नेलेला अर्थिंगचा तार. आणि ३० मिलिअँपियरचा ईएलसीबी (करंट जमिनीत गळला की पुरवठा तोडणारा स्विच) ‘सारखा ट्रिप होतो’ म्हणून कुणीतरी काढून टाकलेला. ईएलसीबी सारखा ट्रिप होतो याचा अर्थ करंट कुठेतरी जमिनीत जातोय. तो काढून टाकणारा माणूस माझ्या पथकात राहत नाही.

पावसाळ्याआधी प्रत्येक चौकाची अर्थिंग मोजून नोंदवही भरावी. मे महिन्यात, जूनमध्ये नव्हे.

८. भर रस्त्यात काम करताना पथकाची सुरक्षितता कशी सांभाळायची?

विजेपेक्षा गाड्यांची भीती जास्त धरा. वीज तुम्ही बंद करू शकता.

गाडी कामाच्या जागेच्या आधी उभी करायची, म्हणजे येणारी वाहनं आधी गाडीवर येतील, माणसावर नाही. गाडीचे ब्लिंकर चालू. शंकू गाडीच्या चाकाजवळ नव्हे, बरेच मागे लावायला सुरुवात करून तिरके आत आणायचे. वाहतूक शाखेला आधी कळवायचं आणि शक्य असेल तर वॉर्डन मागायचा. हेल्मेट, चमकणारं जॅकेट, बूट सगळ्यांना, कंत्राटदाराच्या रोजंदारीवाल्यालाही. खांबाच्या आडव्या हातावरच्या डोक्याला स्काय लिफ्ट. शिडी टेकवून तिथे चढायचं नाही, आणि लिफ्टच्या बादलीतही पट्टा अडकवलेलाच हवा.

पुरवठा बंद केल्यावर फ्यूज किंवा त्याची पट्टी काढून मुकादमाच्या खिशात. फक्त एमसीबी खाली पाडून चालत नाही. बाजूच्या पानटपरीवाल्याला वाटतं लाइट गेली, आणि तो मदत म्हणून वर करतो. हे घडतं.

एक मुद्दा सहसा कुणी सांगत नाही. काम चालू असताना चौक कोणत्या अवस्थेत ठेवायचा हे खांबावर चढण्याआधी ठरवा. एका बाजूचं डोकं उतरवायचं असेल तर बाकी तीन बाजू नेहमीसारख्या चालू ठेवू नका. ब्लिंकर किंवा पूर्ण बंद, आणि पोलीस हजर. का, ते प्रश्न ३ मध्ये आहे.

९. पावसाळ्यात खोदाई बंद असते. मग तुटलेली केबल कशी बदलायची?

नवीन खोदाईला पावसाळ्यात परवानगी मिळत नाही, आणीबाणीचं काम असेल तर वेगळी मंजुरी घ्यावी लागते. त्यामुळे तात्पुरती केबल वरून, खांब ते खांब ओढतो. रस्ता ओलांडताना ती किमान ५.८ मीटर उंच हवी, स्टीलच्या तारेला बांधलेली हवी आणि तिच्यावर ‘तात्पुरती’ अशी तारखेसह चिठ्ठी हवी. चिठ्ठी नसेल तर ती कायमची होते. आपल्या शहरांमध्ये वरून गेलेल्या कित्येक केबली अशाच कधीतरी तात्पुरत्या होत्या.

१०. रस्ता खोदणाऱ्यांनी केबल तोडली तर खर्च कोण देतो?

तोडणारा. फक्त ते सिद्ध करावं लागतं आणि खड्डा संध्याकाळपर्यंत बुजलेला असतो. म्हणून दुरुस्तीला हात लावण्याआधी फोटो : तुटलेली केबल, खड्डा, यंत्राचा नंबर, जवळचं दुकान, सगळं एका चौकटीत. मग पथ विभागाकडून खोदाईची परवानगी कोणाला दिली होती ते काढा आणि त्याच दिवशी पत्र द्या. मेट्रो, गॅस, ड्रेनेज, फायबर, सगळ्यांना हाच नियम. खोदाईच्या आदल्या दिवशी आमचा एक माणूस केबलची रेघ दाखवायला जागेवर गेला तर यातलं बरंचसं घडतच नाही.

११. लाल फार वेळ राहतो. सेकंद वाढवून देता येतात का?

आमच्या अखत्यारीत नाही (प्रश्न १). पण आधी बघा की चौक ‘मॅन्युअल’वर (हाताने चालवण्याच्या स्थितीत) अडकलाय का, किंवा वाहन ओळखणारा कॅमेरा धुळीने आंधळा झालाय का. कॅमेऱ्याला गाडी दिसली नाही तर आडरस्त्याला हिरवाच मिळत नाही. रस्त्यात पुरलेली लूप (गाडी ओळखणारी तार) असेल तर नव्या डांबरीकरणात ती खरवडून गेलेली असू शकते. ही आमची दुरुस्ती आहे.

बाकी ‘हिरवा वाढवा’ ही मागणी गणितात बसत नाही. चक्र लांबवलं की प्रत्येकाचा लालही लांबतो. वेबस्टर यांनी १९५८ मध्ये दिलेलं सूत्र आजही वापरतात : वाया जाणाऱ्या सेकंदांची दीडपट अधिक पाच, भागिले एक वजा चौकावरचा भार (रस्त्याच्या क्षमतेच्या तुलनेत येणारी वाहतूक). चार फेज (हिरव्याच्या पाळ्या), प्रत्येकी तीन सेकंद वाया, म्हणजे बारा, भार ०.७. उत्तर साधारण ७७ सेकंद. भार ०.८ झाला की ११५. भार एकच्या जवळ गेला की सूत्र हात वर करतं, आणि तिथे सेकंद नव्हे, रस्ता कमी पडत असतो. हे गणित पाठ असावं. वॉर्डातून फोन येतो तेव्हा कामाला येतं.

१२. पादचाऱ्यांना मिळणारा वेळ इतका कमी का?

सहसा चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरून हिशोब करतात. १८ मीटर रस्त्याला १५ सेकंद. आजीबाई, पिशव्या घेतलेला माणूस, लहान मूल यांचा वेग तेवढा नसतो. शाळा, रुग्णालय, मंडई जवळ असेल तर हळू वेग धरायला वाहतूक शाखेला लेखी सुचवा. चौक रोज बघणारे तुम्हीच असता, तुमच्या पत्राला वजन असतं.

पादचारी दिव्यातली आकृती बदलता येते का, असंही विचारतात. येते. मुंबईत दादर परिसरात २०२० मध्ये पालिकेने स्त्रीची आकृती असलेले दिवे बसवले. वायरिंगला काही फरक पडत नाही.

१३. सेकंदांचा टायमर मध्येच उड्या का मारतो? २० वरून एकदम ५?

ठरावीक वेळेच्या सिग्नलवर टायमर मागच्या चक्रावरून पुढचं सांगतो. अनुकूली यंत्रणेत, म्हणजे गर्दी बघून हिरवा कमीजास्त करणाऱ्या यंत्रणेत, हिरवा कधी संपेल हे यंत्रणेलाच आधी ठाऊक नसतं. म्हणून अशा चौकांत टायमर फक्त शेवटचे काही सेकंद दाखवतो किंवा मुळात नसतोच. पुण्यात स्मार्ट सिटीतून अशी यंत्रणा आल्यावर ‘टायमर का काढला’ या तक्रारींचा पाऊस पडला. पोलिसांनी मध्येच मॅन्युअल घेतलं तरी टायमर गोंधळतो. दोन-तीन चक्रांनी सावरतो.

माझं मत विचाराल तर टायमर नसलेला बरा. शेवटचे तीन सेकंद दिसले की मागचे सगळे क्लच सोडायला लागतात.

१४. हॉर्न वाजवला की सिग्नल लांबतो, हे खरं का?

मुंबई पोलिसांनी एक प्रयोग केला होता, त्याचा व्हिडिओ २०२० च्या सुरुवातीला खूप फिरला. आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लालची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. रोजच्या सिग्नलमध्ये असं काही नसतं. वाजवा किती वाजवायचे ते.

१५. लाइट गेली की सिग्नल का बंद पडतो? बॅटरी नसते का?

असते, जिथे चोरीला गेलेली नाही तिथे. एलईडीमुळे चौकाचा भार खूप कमी झालाय, त्यामुळे चांगली बॅटरी काही तास सहज ओढते. पण बॅटरी उन्हात तापलेल्या पत्र्याच्या पेटीत असते आणि पाणी घालायला कुणी फिरकत नाही. महिन्याच्या पाहणीत पुरवठा मुद्दाम बंद करून चौक बॅटरीवर चालवून बघा; नुसतं व्होल्टेज मोजून समाधान मानू नका.

पुण्यात महावितरणची देखभाल बऱ्याचदा गुरुवारी असते, तेव्हा कोणते फीडर (वीजवाहिन्या) बंद राहणार ते आदल्या दिवशी काढून ठेवा. पुरवठा खांबापर्यंतच येत नसेल तर महावितरणच्या १९१२ वर तक्रार नोंदवून तिचा नंबर घ्या. मुंबईत जागेनुसार बेस्ट, अदानी किंवा टाटा, एवढा फरक.

१६. गाडीने खांब पाडला. पुढे काय?

आधी पुरवठा बंद, मग तुटक्या वायरा झाकणं, मग रस्ता मोकळा. पोलिसांचा पंचनामा झाल्याशिवाय खांब हलवायची घाई करू नका. वाहतुकीसाठी हलवावाच लागला तर आधी फोटो. नुकसानीचं अंदाजपत्रक विभागाच्या दरसूचीप्रमाणे करून पोलिसांना द्या. तृतीय पक्ष विम्यात मालमत्तेचं नुकसान येतं : मोटारी आणि मालवाहू गाड्यांना सहसा साडेसात लाखांपर्यंत, दुचाकीला एक लाखापर्यंत. चालक तिथेच रोख पैसे देऊन ‘मिटवून टाका’ म्हणतो. घ्यायचे नाहीत. एक रुपयाही नाही.

१७. झाडाच्या फांदीने सिग्नल झाकलाय, फ्लेक्स बांधलाय. आम्हीच काढू का?

फ्लेक्स काढा, फोटो ठेवा आणि अतिक्रमण किंवा आकाशचिन्ह विभागाला कळवा. वाढदिवसाचा फ्लेक्स असेल तर कार्यकर्ते येतात. वाद घालत बसू नका, ‘लाल दिसत नव्हता’ एवढं वाक्य पुरतं. फांदीचं मात्र तसं नाही. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांना १९७५ चा कायदा लागू आहे, छाटणीला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. उद्यान विभागाला पत्र द्या आणि सोबत स्टॉप लाइनवरून काढलेला फोटो जोडा. मागणी वर्षातून एकदा, उन्हाळ्यात, सगळ्या चौकांची एकत्र पाठवली तर लवकर होते.

१८. पालखी आणि गणपतीच्या दिवसांत काय वेगळं करावं लागतं?

आषाढी वारीत ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात येतात, त्या दिवशी मार्गावरचे चौक पोलीस हाताने चालवतात. आदल्या दिवशी प्रत्येक चौकातला पोलिसांसाठीचा छोटा दरवाजा उघडतो का, आतलं मॅन्युअलचं बटण आणि ब्लिंकरचा स्विच चालतो का, हे बघून घ्यायचं. गंजलेल्या कुलपामुळे हवालदार साहेब मुख्य दरवाजा उचकटतात आणि मग सगळंच निस्तरावं लागतं. पोलिसांना चावी फक्त छोट्या दरवाजाची. कंट्रोलरची नाही.

खांबांभोवती वारकरी टेकतात, ओले कपडेही वाळत घालतात. म्हणून मार्गावरच्या खांबांची प्रश्न ७ मधली तपासणी पालखीआधी पूर्ण झालेली हवी. याला पर्याय नाही.

गणपतीत प्रश्न उंचीचा. देखावे आणि आडवे हात यांची गाठ पडते. मंडळांशी आधी बोलून उंची मोजून घ्या, जिथे अडचण असेल तिथला हात फिरवून किंवा उतरवून ठेवा आणि डोकी नंबर टाकून गोदामात. मांडवाचा बांबू ठोकताना केबल फुटते, तर मांडवाला परवानगी देतानाच तिथला केबलचा मार्ग मंडळाला दाखवा. आणि मंडळाने सिग्नलच्या पेटीतून लायटिंग घेतली असेल तर ती तिथल्या तिथे काढा. आरती चालू असेल तर आरती होऊ द्या, मग काढा.

१९. अवयव घेऊन जाणाऱ्या रुग्णवाहिकेसाठी ‘ग्रीन कॉरिडॉर’ करतात. तेव्हा पथकाचं काय काम?

सेकंद पोलीस सांभाळतात, नियंत्रण कक्षातून किंवा चौकात उभं राहून. पथकाने त्या मार्गावरचं चालू काम ताबडतोब आवरायचं, शंकू उचलायचे, गाडी बाजूला घ्यायची. निरोप आला तेव्हा एखादं डोकं उघडं असेल तर तो चौक ब्लिंकरवर टाकून पोलिसांना तसं स्पष्ट सांगायचं.

२०. कंत्राटदाराची माणसं माझं ऐकत नाहीत. दंड लावू का?

दंडाची तरतूद करारात असते आणि लावावाही लागतो. पण दंड पगारातून कापला जाऊन शेवटी वायरमनवर येतो का, यावर लक्ष ठेवा. मी पाहिलेल्या वादांपैकी बहुतेकांचं मूळ दोन गोष्टींत होतं : रात्रपाळीनंतर लगेच सकाळी बोलावणं, आणि गोदामात सामान नसताना ‘करून टाका’ म्हणणं. सामान नसेल तर वायरमन दुसऱ्या चौकातलं मॉड्यूल काढून इथे लावतो. तक्रार बंद होते आणि दुसरीकडे जन्माला येते. लाल मॉड्यूलचा साठा कधीही शून्यावर येऊ देऊ नका. हिरवा, पिवळा थांबू शकतो.

२१. कॅन्टोन्मेंटमधला किंवा हायवेवरचा सिग्नल बंद आहे. आम्ही दुरुस्त करायचा का?

पुणे आणि खडकी कॅन्टोन्मेंटच्या हद्दीतले सिग्नल त्या-त्या बोर्डाच्या अखत्यारीतले, राष्ट्रीय महामार्गावरचे महामार्ग यंत्रणेचे, औद्योगिक वसाहतीतले कधी एमआयडीसीचे. नागरिकाला हद्द दिसत नाही, चौक दिसतो. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कंट्रोलरमध्ये हात घालू नका; नंतर जे काही बिघडेल ते तुमच्या नावावर.

याला अपवाद एकच : करंट लागणारा खांब किंवा रस्त्यात पडलेली जिवंत वायर. तिथे हद्द बघायची नाही. पुरवठा तोडा, जागा दोरीने घेरा, ज्यांचा आहे त्यांना फोन करा आणि त्यांचा माणूस येईपर्यंत आपला एक हेल्पर तिथे उभा ठेवा.

२२. आणि चौकाची हद्द मधूनच जात असेल तर?

असे चौक आहेत. दोन खांब एकाचे, दोन दुसऱ्याचे. कंट्रोलर ज्याचा, त्याच्याकडे पूर्ण चौकाची देखभाल द्यावी असा लेखी करार दोन्ही संस्थांकडून करून घ्या, सामानाचा खर्च वाटून घ्या. करार होईपर्यंत दोन्हीकडच्या मुकादमांचे नंबर एकमेकांकडे हवेत, आणि कुठल्याही बाजूने पुरवठा बंद करताना दुसऱ्याला आधी फोन.